शिकवायलेत

गुरुजी,

आज पोळी लाटताना ती वेडीवाकडी झाली आणि तुम्ही आठवलात. पुण्याकडून बदली होऊन तुम्ही आमच्या गावी आलात, तो पहिलाच आठवडा होता. शाळेमागच्या खोलीत तुमचा स्टोव्ह फुरफुरायचा आणि वासावरून आज काय करपलंय ते आम्ही वर्गात बसून ओळखायचो. मधल्या सुट्टीत मी भिंतीच्या सावलीला बसले होते, भाकरी मांडीवर फडक्यात झाकलेली. तुम्ही विचारलंत, "इथं काय करते आहेस?" मी घास गिळून म्हणाले, "जेवायलेय जी." म्हणजे जेवते आहे, एवढंच. तुम्हाला वाटलं, पोरीचं जेवायचं राहिलंय. तुम्ही आत गेलात आणि नकाशासारखी एक पोळी घेऊन आलात, वर गुळाचा खडा. गुरुजींनी दिलेलं नाही कसं म्हणायचं? मी तीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग त्याच भिंतीपाशी 'जेवायलोय, जेवायलोय' करत बसला, तेव्हा कुठे तुमच्या डोक्यात प्रकाश पडला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. आणि त्याच दुपारी फर्मान निघालं, की वर्गात 'करायलोय, जायलोय' बंद, 'करतो आहे, जातो आहे' म्हणायचं. 'फार'ला 'लय' म्हणणाऱ्याने फळा पुसायचा. आमचा फळा त्या वर्षी लखलखीत असायचा.

त्या फर्मानामागची काळजी मला नंतर समजली. सातवीचा वर्ग आम्हाला एका वर्षाच्या बोलीवर मिळाला होता. तपासणीत वर्ग चांगला निघाला तर कायमची मंजुरी, शिक्षकाची जागा, खोलीला अनुदान. नाही तर वर्ग बंद आणि मुलांनी पालमची शाळा गाठायची. त्यात नुकताच दुष्काळ सरलेला. खडी फोडायच्या कामावर आईबापांबरोबर आम्हीही गेलो होतो, पाढे पार विसरलो होतो. खालच्या वर्गांचे निकाल पडलेले, हजेरी त्याहून पडलेली, आणि वरून विचारणा यायची की या शाळेवर खर्च कशाला करायचा. मायने मला सरळ सांगितलं होतं, "वर्ग गावात ऱ्हायला तर शिक. पालमला येष्टीनं पोरगी धाडायची न्हाई." बापाचंही तेच होतं. तुम्ही दोनदा घरी येऊन मायची समजूत काढायला बसलात. तिने दोन्ही वेळा तुम्हाला चहा पाजला आणि जागची हलली नाही.

तपासणीला साहेब आले. गावात त्यांना दिपोटी म्हणत, म्हणजे डेप्युटी. तेही तुमच्यासारखे लांबचेच. सगळ्यांना सोडून त्यांचं बोट माझ्यावर आलं. "अपूर्णांकांचा भागाकार झाला का?" मी उभी राहिले आणि घाबरून वर्षभराची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. "गुरुजी शिकवायलेत जी." साहेबांनी भुवया चढवल्या. "अजून शिकवायचेच आहेत? वर्ष संपत आलं की." आणि ते लिहायला लागले. त्यांनी 'शिकवायचं राहिलंय' असं ऐकलं, हे मला कळलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, शिकवणं चालू आहे असं म्हणतेय ती." साहेब वर न बघता म्हणाले, "गुरुजी, सारवासारव नको."

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. आजही तो आवाज कानात आहे. "माय, काय करायलीस तिथं हुबी राहून? ये हिकडं. गणित करून दाव साहेबाला." तुमच्या तोंडून आमची बोली मी पहिल्यांदा ऐकली, आणि इतकी वाकडी बोललात की मागच्या बाकावरून खुसखुस आली. माझी भीतीच गेली. फळ्यावर तुम्ही घातलेला भागाकार मी मांडला, दुसरा अपूर्णांक उलटा केला, गुणायला लागले. साहेब उठून शेजारी येऊन उभे राहिले. "काय करते आहेस?" खडू थांबवायचं भान मला नव्हतं. "गणित करायलेय जी." माझा हात फळ्यावर चाललेला त्यांना दिसत होता. त्यांनी लिहिलेलं खोडलं. "अस्सं. म्हणजे चालू आहे होय." तुम्ही खिडकीकडे तोंड करून उपरण्याने चष्मा पुसायला लागलात. फार वेळ पुसलात.

वर्ग राहिला. मीही राहिले, पुढे परभणीला शिकले, मास्तरीण झाले. तोवर तुमची बदली झाली होती आणि तुम्ही हे जग सोडून गेल्याचं मला किती उशिरा, तेही कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. त्या दिवशी मी वर्गाला सुट्टी दिली नाही. भागाकार शिकवला. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, लेकाकडे पुण्यात असते, तुमच्या मुलखात. माझी मराठी ऐकून कुणाला माझं गाव ओळखू येत नाही, हे तुमचं कर्तृत्व. पण आनंद झाला की 'लय' निघून जातं, आणि तुम्ही ऐकलं तर नाही ना म्हणून मी मागे वळून बघते. गुरुजी, मला तुमची फार आठवण येते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, त्यामुळे सकाळपासून नुसतंच लिहिणं चाललंय. मघाशी नात डोकावली. "आजी, काय करतेस?" मी मान वर न करता म्हणाले, "माझ्या गुरुजींना पत्र लिहायलेय." ती म्हणाली, "म्हणजे अजून लिहायचंय?"

पानं समोर भरलेली होती. तरी मी हो म्हणाले.