परांचीवरचे हात

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. खांदा जरा धरलाय, पण तो खेळामुळे. इथे सुटीला मैदानात चकती फेकतात. खांबाला साखळ्यांची टोपली असते, तिच्यात ती पडली पाहिजे.

लांब फेकणं पटकन जमलं, नेमाच्या नावाने मात्र बोंब! मग आठवलं, तुम्ही बांधकामाच्या परांचीवर उभे राहायचात आणि मी खालून विटा फेकायचे. "विटेकडे नको, माझ्या हातांकडे बघ," म्हणायचात. काल टोपलीच्या जागी मनात तुमचे हात आणले, आणि चकती खणकन आत!

दादा म्हणतो, तुमचा उजवा हात सुधारतोय. खरं ना? मी आले की चकती अगदी हळू फेकीन. तुम्ही फक्त हात पुढे करा.

तुमची,
धाकटी