मागच्यासारखंच

प्रिय वोबे,

रविवारी माझ्या वाढदिवसाला आलास, दोनदा केक घेतलास आणि वर माझ्या कॉफीला गटाराचं पाणी म्हणालास. बरं वाटलं. डाउवे गेल्यापासून या घरात मला कोणी चिडवत नाही. तू माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसलास तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. तुला वाटलं, ताई रुसली. रुसले नव्हते रे.

मला अजून नळ ऐकू येतो. शेवटच्या वर्षी डाउवे संडासात गेला की आधी नळ सोडायचा, थांबत थांबत होणारी लघवी मला ऐकू जाऊ नये म्हणून. आता मी कांदा चिरत असते आणि आत नळ वाहतो. जाऊन बघते तर बंद. भिंतीवरच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर त्याचं नाव तसंच आहे. खोडायला हात धजत नाही.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. आपल्या डॉक्टरांकडे फोनवर बसते ना, ती आन्केची मुलगी, तिला डाउवेनं स्केटिंग शिकवलेलं. तिच्याशी लघवीबद्दल बोलायची त्याला लाज. मग फोन मी करायचे. काय होतंय, तिनं विचारलं की मी म्हणायचे, मागच्यासारखंच, जळजळ. गोळ्या मिळायच्या. आठवडाभर बरं, की पुन्हा तेच. असं चार वेळा. त्यात दोनदा मी कमोडमध्ये गुलाबी पाणी पाहिलं होतं, वोबे. तो म्हणाला, बीट खाल्लंय, उगाच बोभाटा करू नकोस. मी केला नाही. पुढे तज्ज्ञ बाई म्हणाल्या, रक्त एकदा दिसलं तरी यायचं होतं, दुखत नसलं तरी. मूत्राशयातली गाठ तोवर पसरली होती. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी तू तीनदा उठलास. तिसऱ्यांदा तुझ्यामागून मी आत गेले, आणि फ्लश नीट झाला नव्हता. विचारलं तर हसून म्हणालास, जळजळीची यंदाची तिसरी खेप, गोळ्या चालू आहेत. म्हणून आज सकाळी तुझ्या नावानं मी फोन केला. रक्त हा शब्द स्पष्ट उच्चारला, दोनदा. गुरुवारी नऊ वीसला डॉक्टरांकडे जा, आणि तज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय उठू नकोस. तुला न विचारता तुझी लाज चव्हाट्यावर आणली म्हणून चिडशील. चीड. खुशाल वर्षानुवर्षं चिडत राहा, पण राहा.

तुझीच,
सिट्स्के