शिरपूरच्या काट्याची सीडी

नाना, तुमची लोखंडी पेटी आता माझ्याकडे आहे, धुळ्याला, पुढच्या खोलीतल्या दिवाणाखाली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. जळगावचं तुमचं कॉम्प्युटरचं दुकान धाकट्याने या दिवाळीनंतर सोडलं. शेवटी शेवटी तो तिथे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकत होता. मला फोन केला, "अक्का, माळ्यावर नानांची सीड्यांची पेटी निघाली. भंगारवाला दाराशी उभा आहे, देऊन टाकू?" मी म्हटलं, "त्याला चहा दे आणि बसव, मी येते." तो हसायला लागला. "तू धुळ्याहून येईपर्यंत तो चहाच पीत बसेल का?" पण ठेवली त्याने पेटी. एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, यामा काय इटा भरेल शेतस का?" मी सांगितलं, कॉम्प्युटरच्या सीड्या आहेत. तो म्हणाला, "आते त्या कोन लावस?" पेटी पायाशी घेऊन बसले आणि पारोळा येईपर्यंत माझी जपमाळ एकदासुद्धा पुरी झाली नाही.

हे मी लिहितेय ते पेटीत सापडलेल्या एका कॅलेंडरच्या पाठीवर. एका कॉम्प्युटर कंपनीचं कॅलेंडर, तुम्हाला नाशिकच्या डीलर लोकांच्या मीटिंगमध्ये मिळालेलं. कंपनी बुडाली, पण कागद काय जाड आहे आणि पाठ कोरी! टाकवेना. यांची नोकरी नंदुरबारला, शनिवारी संध्याकाळी येतात. पोरं पुण्याला. घरात बोलायला मी आणि देव, आणि देवांशी मी जे बोलते ते त्यांना पाठ झालं असेल. म्हणून आज तुमच्याशी.

तुम्ही मला एकदा कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगितलं होतं. मी दहावी पास झाले होते, पुढे शिकवायचं नाही असं घरात ठरलं होतं, म्हणून दुपारी डबा घेऊन दुकानात यायचे ते तिथेच थांबायचे. तुम्ही म्हणालात, सावद्याचा केळीबाजार पाहिलास ना? शेतकरी बोलतो आपली बोली, व्यापारी येतो दिल्लीकडचा. दोघांना एकमेकांचं कळत नाही. मध्ये एक माणूस उभा असतो, त्याला दोन्हीकडचं येतं, म्हणून गाडी भरते. प्रिंटर एक बोलतो, कॉम्प्युटर दुसरंच बोलतो. मधला माणूस या सीडीत असतो. तो नसला तर दोघं चांगले धडधाकट असूनही समोरासमोर मुके. मला हे लगेच पटलं, कारण आपल्या घरात तेच होतं. घरात तुम्ही माझ्याशी सरळ कधी बोलायचा नाहीत. मी समोर बसलेली असले तरी तुम्ही आईला म्हणायचात, "तिले सांग, भाजीत मीठ कमी शे." आणि मीही आईलाच म्हणायचे, "नानांना सांग, उद्या करते नीट." आई मधून हसत असायची.

सीड्यांना चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे आलं ते अक्षर चांगलं म्हणून. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने प्रत्येक चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलं, खाली वेल काढली. तुम्ही पाहिलंत आणि संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणालात, "तिले विचार, ही कंपनी उद्या राहील असं तिले कोनी सांगं?" दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही कॉम्प्युटरचं एक कार्ड माझ्या हातात दिलं आणि त्याच्यावरच्या काळ्या किड्यावर, म्हणजे चिपवर, बोट ठेवलंत. डब्यावरचं नाव विकणाऱ्याचं असतं. तोच किडा चार कंपन्या चार डब्यांत घालून विकतात, डबा बदलतो, नाव बदलतं, किड्यावरचा नंबर तोच राहतो. नंबर मोठा लिहायचा, कंपनी खाली बारीक. ड्रायव्हरचं आणि हे, तुम्ही माझ्याशी सरळ बोललेली मोठी बोलणी ही दोनच. मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, वेलीशिवाय.

आणि खरंच कंपन्या राहिल्या नाहीत. पहिली पाटी निळी होती, तिच्या उद्घाटनाला पेढे वाटले होते. दोन वर्षांत तिचा माणूस यायचा बंद झाला. मग लाल पाटी आली, मग ती हिरवी, जिच्यावर हसणारा पोपट होता. तुम्ही जुनी पाटी कधी फेकली नाहीत, उलटी करून माळ्याला फळी म्हणून ठोकलीत. शेजारचे कापडवाले काका ओरडायचे, "नाना, यंदा कोणाचं कुंकू लावलंय?" तुम्ही म्हणायचात, "जो टिकेल त्याचं." लग्नात तुम्ही मला जे भिंतीवरचं घड्याळ दिलंत तेही त्या पोपटवाल्या कंपनीचं. सासूबाई बरेच दिवस म्हणायच्या, सूनबाईच्या माहेरचं जाहिरातीचं घड्याळ. कंपनी गेली, सासूबाई गेल्या, घड्याळ चालूच आहे. आत्ताही टकटकतंय.

आता जे सांगायचंय त्याच्याकडे येते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. दसऱ्याला दुकानातल्या वस्तूंची पूजा घरीच असायची, कॉम्प्युटर, पेचकस, सोल्डरिंगची बंदूक, सगळं पाटावर मांडायचं. आदल्या दिवशी मी घरचे देव घासायला घेतले होते, आई करायची तसेच, आधी चिंचेचं पाणी, मग कोरडी रांगोळी चिमटीत घेऊन गोल गोल. पितळेचा बाळकृष्ण असा लखलखला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. तेवढ्यात तुम्ही पूजेसाठी घरी आणून ठेवलेल्या सीड्या दिसल्या. वरची एक काळवंडलेली होती, बोटांचे डाग, कडेला चहाचा थेंब. पाटावर देवासमोर असली मळकी वस्तू कशी ठेवायची? मी तीही घेतली. चिंच, रांगोळी, गोल गोल. जेवढी घासत होते तेवढी ती धुरकट होत होती, म्हणून आणखी घासली. शेवटी घाबरून धुतली, ओढणीने पुसली, परत पाकिटात घातली. पाकिटावर माझ्याच हाताची चिठ्ठी होती, मोठा नंबर, खाली बारीक कंपनी, त्याखाली 'शिरपूरचा काटा'. सगळ्यात खाली सरकवून दिली. दसऱ्याला त्या गठ्ठ्यावर मी झेंडूचं फूल वाहिलं, नाना. तुम्ही नमस्कार केलात.

तिसऱ्या दिवशी शिरपूरहून आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचा, जिनिंगवाल्या शेठचा निरोप आला. जिनिंगमध्ये कपाशीच्या गाड्या यायला लागलेल्या आणि त्यांचं वजन करायच्या भुईकाट्याचा कॉम्प्युटर बंद. तुम्ही नवा कॉम्प्युटर बांधलात, जुन्यातलं काट्याचं कार्ड त्यात बसवायला निघालात, सोबत तीच सीडी. तुम्हाला बारीक नंबर दिसायचे नाहीत, म्हणून वाचायला मला बरोबर घेतलंत. एसटीत मी खिडकीशी. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आई असती तर मी तिच्या कानात सांगितलं असतं, तिने तुम्हाला सांगितलं असतं, तुम्ही तिच्यावर ओरडला असतात आणि मिटलं असतं. सरळ तुम्हाला सांगायचं तर सुरुवात कुठून करायची हेच मला येत नव्हतं. आणि मनात एक वेडी आशा, देवासमोर ठेवली होती, कदाचित चालेल.

काट्याच्या खोलीत उकडतंय. दारातून दिसतंय, बैलगाड्या, ट्रॅक्टर, थेट रस्त्यापर्यंत रांग. तुम्ही सीडी आत सरकवता, ती घरघरते, थांबते, घरघरते, बाहेर येते. तुम्ही ती उजेडात धरता. किती वेळ धरून ठेवलीत! मी भिंतीवरच्या गणपतीकडे बघतेय. बाहेरून एक शेतकरी ओरडतो, "ओ भाऊ, कपाशी मोजनी शे का निस्ती वाळवनी शे?" लोक हसतात. शेठ म्हणतात, "मास्टर, कंपनीला फोन लावा ना. दुसरी मागवा." तुम्ही म्हणता, "कंपनी गेल्या साली बंद झाली, शेठ." शेठ चिडून म्हणाले, "म्हणजे कंपनीनेच बुडवलं आपल्याला." सगळ्यांना ते पटलं असतं. तुम्ही तेवढं हो म्हणाला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही सीडी पाकिटात घातलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "कंपनीनी नही. मनी चूक शे. मी नीट ठेवली नही."

तुम्ही तिथूनच मला मावशीकडे सोडून इंदूरला गेलात. तिथे त्या कंपनीत पूर्वी कामाला असलेला कोणी होता, त्याच्याकडून नक्कल करून आणलीत. काटा चौथ्या दिवशी चालू झाला. पण तोवर शेठने पुढच्या सगळ्या कामांसाठी सुरतेचा माणूस ठरवला होता. शिरपूरचं काम गेलं ते गेलंच. इंदूरच्या सीडीवर मीच चिठ्ठी लिहिली, मोठा नंबर, बारीक कंपनी. त्यानंतर तुम्ही प्रत्येक सीडीच्या दोन नकला करायला लागलात आणि दर थोड्या दिवसांनी त्या उजेडात धरून बघायचात. स्वतःच्या हातावरचा तुमचा विश्वास गेला होता. मी ते रोज बघत होते. पुढच्या दसऱ्याला मी पाट मांडत होते तेव्हा तुम्ही दारातून म्हणालात, "सीड्यांवर नुसतं फूल ठेव. पुसू नको." मी हो म्हटलं. तेव्हा मला ते दुकानाच्या नियमांसारखंच एक वाटलं. आता गेल्या आठ दिवसांत मी ते वाक्य इतक्या वेळा आठवलंय की त्यात तुमचा आवाज उरला नाही, माझाच ऐकू येतो.

कारण मागच्या आठवड्यात शिरपूरच्या शेठचा मुलगा आला होता. आता तोही पन्नाशीचा, केस पिकलेले. धाकट्याने त्याला माझा पत्ता दिला. तो काटा अजून चालतो! कॉम्प्युटरही तुम्ही बांधलेला तोच. आतली डिस्क गेली. नवीन कॉम्प्युटरला ते कार्ड बसायची खाचच नसते म्हणे, आणि काटा बदलायचा तर सगळं खोदकाम. "ताई, सुरतवाले बंद झाले, नाशिकवाले म्हणतात भंगारात घाला. म्हटलं, नानांकडे असेल." मी पेटी ओढली. नंबर वाचून इंदूरची सीडी मला लगेच सापडली, तुमच्या पद्धतीमुळेच. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, चालली. पहिली गाडी मोजली तेव्हा त्याने नारळ फोडला म्हणाला.

पण त्याआधी, इथे बसलेला असताना, चहा घेता घेता तो म्हणाला, "आमचे वडील मरेपर्यंत एक गोष्ट सांगायचे. इतक्या वर्षांत मशीनवाले किती आले, सगळे म्हणायचे कंपनीची चूक, लाइटीची चूक, तुमच्या माणसाची चूक. माझी चूक म्हणणारा एकच भेटला, आणि त्यालाच मी काढला. त्यांना ते लागून राहिलं होतं." मला बरं वाटलं, नाना. तुमचं कोणी नाव काढलं की मला बरं वाटतं, हल्ली काढतं कोण? मग त्याने पेटीतली वरची सीडी उचलली, घासलेली. तुम्ही ती टाकली नव्हतीत. माझ्या चिठ्ठीखाली तुमच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'वाचत नाही. माझ्याकडून.' त्याने ती खिडकीकडे धरली. उन्हात ती सगळी गोल गोल वळणं दिसायला लागली, आजही मी बाळकृष्ण घासते तशीच. तो हसला. "ताई, ही कोणी भांड्यासारखी घासलीय?"

ज्या कोणाच्या घरात पितळेचा देव आहे त्याला एका नजरेत कळतं ते. तुम्हाला त्या काट्याच्या खोलीत कळलं होतं का? 'माझ्याकडून' म्हणजे तुमच्या हातून, की तुमच्या घरातून, की पोरीचं ते माझंच? विचारायला आई नाही, तुम्ही नाही. मी देवाला विचारलं, तो लखलखीत बसून राहिला.

मी त्याला म्हटलं, "माळ्यावर उंदीर फार होते हो."

तो बरं म्हणाला आणि सीडी खाली ठेवली. उंदीर कधी गोल घासतात का? पण माणूस सभ्य. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. फोन मी केलेला नाही.

हा कागद आता घडी करून त्याच पाकिटात घालते आणि पेटी दिवाणाखाली सरकवते. एवढंच सांगते, नाना, की ती सीडी वर चुकून आलेली नव्हती. तो येणार कळल्यावर मी सकाळीच पेटी उघडून ती शोधली आणि सगळ्यात वर ठेवली, कोणीतरी एकदा विचारावं म्हणून. आणि त्याने विचारलं.