यीस्ट मेल्याची आनंदाची बातमी

ती. दादांना,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि दिवसभर घरात ही एकटीच असते.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि तुम्ही थेंब वेळेवर घालत असाल अशी आशा करतो. वहिनींनाही नमस्कार. आमच्याकडे सगळं क्षेम. नुसतं क्षेम काय म्हणतो मी, दादा, आमच्याकडे यीस्ट मेलंय! त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला टेकलेले नाहीत.

तुमची पुतणी खारू (पेन्सिली कुरतडायची म्हणून तुम्हीच ठेवलेलं नाव, आता विद्यापीठातही तेच चालतं) पीएच.डी. करते हे तुम्हाला ठाऊक आहे. नेमकं काय करते असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा 'कॉम्प्युटरचं काहीतरी' म्हणून मी वेळ मारून नेली होती. आता मला सगळं कळलंय, तेव्हा बैठक मारून ऐका. प्रत्येक पेशीत हजारो प्रोटीनं असतात. (डॉक्टर खा म्हणतात तीच, पण पेशीत ती कामगार असतात.) कोणाचं कोणाशी जमतं, कोण कोणाला धरून काम करतं, याचा शास्त्रज्ञांनी भलामोठा नकाशा केलाय. खारूच्या स्क्रीनवर मी तो पाहिला. मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटावा तसा दिसतो. प्रश्न असा, की यातलं कोणतं प्रोटीन काढलं तर पेशी मरेल? एकेक काढून बघत बसायचं तर जन्म जाईल, म्हणून आधी कोणाकडे बघायचं ते कॉम्प्युटरने सांगायचं. हे खारूचं काम.

मी जन्मभर पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस. मी तिला चुटकीसरशी उत्तर दिलं, की ज्या पाइपाला जास्त फाटे, तो पाइप महत्त्वाचा, यात संशोधन कसलं? तर हसून म्हणते, "बाबा, सगळे हेच म्हणतात. माझा अख्खा प्रबंध त्याच्याविरुद्ध आहे." तिचं म्हणणं असं, की भरपूर जोडण्यांवाली प्रोटीनं बऱ्याचदा महत्त्वाची निघतात हे खरं, पण नकाशातल्या कितीतरी जोडण्याच संशयास्पद. प्रयोगात चिकटलेली दिसतात, पण पेशीत एक या कोपऱ्यात तर दुसरं त्या, एकाची पाळी संपल्यावर दुसरं कामावर येतं, भेटणार कधी? म्हणून तिचा प्रोग्राम जोडण्या नुसत्या मोजत नाही, प्रत्येक जोडणी तपासतो. दोघं एका वेळी, एका जागी असतात का? त्यांच्या शेजाऱ्यांचं आपसात जमतं का? या झडतीत भल्याभल्या बड्या धेंडांचं वजन उतरलं, आणि जेमतेम चार जोडण्या असलेलं एक अगदी सामान्य प्रोटीन पार वर जाऊन बसलं. मला ते प्रोटीन ऐकताक्षणीच आवडलं.

हे सगळं पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या एका चुलत भावावर चाललेलं. (सख्ख्या यीस्टची प्रोटीनं आधीच तपासून झालीत, चुलत भावाकडे कोणी लक्ष दिलेलं नाही. भावकीत चालायचंच.) तर प्रबंधाच्या जाहीर सादरीकरणाला मी आणि ही गेलो. मी लग्नातला कोट घातला होता, तो पुढून मिटत नव्हता. घाईत आम्ही चुकीच्या दालनात शिरलो, आणि सिमेंटला तडे का जातात यावरचं भाषण आपल्याच मुलीच्या विषयाची प्रस्तावना समजून मान डोलावत ऐकलं. हिने शेवटी कोपर मारलं तेव्हा धावत योग्य दालन गाठलं. तिथे आमची खारू उभी, समोर जाड भिंगांचे परीक्षक. त्यांनी बोट नेमकं त्या सामान्य प्रोटीनवर ठेवलं. याला तर कोणी विचारत नाही, हे महत्त्वाचं कसं? ही प्रोग्रामची चूक कशावरून नाही?

खारू शांतपणे म्हणाली, "चूक असू शकेल सर. काढून बघितल्याशिवाय कळणार नाही." एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी उभा राहिलो आणि ठणकावून सांगितलं, की या मुलीने लहानपणापासून कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. परीक्षकांनी भिंगं वर केली. "आपण कोणत्या विभागाचे?" मी म्हणालो, "पाणीपुरवठा." पुढचं हसणं बराच वेळ चाललं, दादा. त्यात खारूही होती, म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही.

निकाल असा लागला, की एक तर ते प्रकरण गाळा, नाहीतर प्रयोग करून दाखवा. तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, गाळ आणि मोकळी हो. ही म्हणाली, गाळ. मीही म्हणालो, गाळ बाई. खारू म्हणाली, "जे उत्तर मलाच खरं वाटतं तेच गाळू? मग उरलेलं ठेवून काय करू?" प्रयोगशाळेत तिची एक मैत्रीण आहे, आम्ही तिला यीस्टवाली म्हणतो. ती तयार झाली. एका बशीत साधं यीस्ट, दुसरीत ते प्रोटीन काढून टाकलेलं. पहिल्या खेपेला खारू घरी आली ती तोंड पाडून. "मेलं, बाबा." मी पेढे आणायला पिशवीच उचलली, तर कळलं की दोन्ही बशांतलं मेलं. ती ठेवायची गरम पेटी बिघडून भलतीच तापली होती. म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्या आठवड्यांत खारू घरी फक्त झोपायला यायची, आणि मी पावाच्या तुकड्याकडेसुद्धा आदराने बघायला लागलो.

मग एका सकाळी मी जिना चढत असताना फोन वाजला. "बाबा, मेलं! फक्त तेच मेलं! साधं मस्त वाढलंय!" मी जिन्यातूनच हिला हाका मारल्या, "अगं ऐकलंस का? मेलं! मेलं एकदाचं!" आवाज माझा तुम्हाला माहीत आहे. पटापट दारं उघडली. तळमजल्यावरचा शिंपी दुकानाचं शटर ओढून गंभीर चेहऱ्याने वर आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांना तोवर धार लागलेली. "कुत्रं होतं का तुमच्याकडे?" त्याने हळूच विचारलं. मी म्हणालो, "यीस्ट होतं." वरच्या मजल्यावरच्या बाईंनी, फार त्रास झाला का, असं विचारलं. मग मी पायरीवर बसून सगळ्यांना प्रोटीनं समजावली. दुकान बंद केलेलंच होतं, त्यामुळे शिंप्याने शेवटपर्यंत ऐकलं.

दुपारी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. एका बशीत मलईच्या ठिपक्यांसारखं यीस्ट दाटलेलं, दुसरी बशी स्वच्छ, रिकामी. दादा, रिकामी बशी बघून कोणाचा ऊर असा भरून आला असेल का हो? परीक्षक स्वतः आले होते. त्यांनी भिंगं पुसली, दोन्ही बशा उजेडात धरून आलटून पालटून पाहिल्या, आणि खारूकडे वळून एवढंच म्हणाले, "डॉक्टर, हे प्रकरण गाळू नका." डॉक्टर! हिने माझा कोट मागून घट्ट धरला, मी पुन्हा काही बोलेन म्हणून.

प्रकृतीला जपा. थेंब चुकवू नका.

तुमचा,
धाकटा

ता. क. खारूने पत्र वाचलं. म्हणते, बरंचसं बरोबर आहे. पण प्रोग्रामने वर काढलेली आणखी काही प्रोटीनंही तपासली, आणि ती काढली तरी यीस्ट मजेत जगलं, हे लिहिलंच पाहिजे असा तिचा हट्ट. लिहिलं. पण कुठे लिहायचं ते मी ठरवलं.

आणखी ता. क. मुद्दा राहिलाच. पदवीदानाला फक्त आईवडील आणि आजीआजोबांनाच प्रवेश आहे. मी विद्यापीठाला तुमचं नाव आजोबा म्हणून कळवलंय. तेव्हा आजपासून केसांना कलप लावू नका, आणि तिथे मला चारचौघांत 'बाळ' म्हणा. आणि तसं हे खोटं कुठे आहे? वडील गेल्यावर माझ्या शाळेत पालक म्हणून तुम्हीच येत होता, आणि मिसरूड नीट फुटलेलं नसतानाही मास्तर तुम्हाला 'अहो' म्हणायचे. त्या हिशेबाने ती तुमची नातच. याल ना?

अगदी शेवटचं. वहिनींचं नाव आजी म्हणून कळवलंय. ते त्यांना तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही.