गहिनीनाथाची ऊबपेटी

तिसगाव, ७ डिसेंबर १९४६

नगरहून सकाळच्या मोटारीनं सुखरूप पोचलो. ट्रंक उतरवायला गहिनीनाथ उभाच होता. माझा यशया आणि हा गहिनीनाथ एकाच दिवशी पलटणीच्या दवाखान्यात कामाला भरती झाले, जावात जपान्यांच्या कैदेतही जोडीनंच राहिले. हा परत आला. यशया चव्वेचाळीस साली तिथंच आवेनं गेला. "मास्तर, नेवाशात एकटं काय करता, हिवाळा आमच्याकडं काढा," असं याचं पत्र आलं आणि मी निघालो. मुलाला शेवटचं पाहिलेला माणूस जगात हा एकच.

खोली छान आहे. खिडकीला लागून बोर, फांद्या पिकल्या बोरांनी वाकलेल्या. स्वयंपाक त्याची चुलती रंगुबाई करते. ख्रिस्ती माणसाला जेवायला काय चालतं, असं तिनं विचारलं. तिखट सोडून सगळं, म्हणालो. मग तिसगावात उपाशीच मराल म्हणून ती हसली.

संध्याकाळी ओसरीवर बसून चौथीच्या वर्गाला शिकवायचो त्या आर्या एकामागून एक म्हटल्या. एकही ओळ अडली नाही.

१० डिसेंबर

आज आम्ही दोघांनी ऊबपेटी केली. चहाचं रिकामं खोकं, आतून भुसा भरलेलं गोणपाट, तळाशी बारीक वातीचा कंदील, वर एक जुनी चाळण, झाकणाला चार भोकं.

छावणीत सोयाबीन मिळे, पण आजाऱ्यांना ते पचेना. तेव्हा जावातल्या बायकांच्या रीतीनं कैद्यांनी 'टेंपे' म्हणजे बुरशीनं आंबवलेल्या वड्या करायला घेतल्या, आणि अशीच ऊबपेटी सांभाळायचं काम गहिनीनाथाकडं आलं. त्यानं पत्रात लिहिल्यावरून सोयाबीन मी मिशनच्या बागेतलं आणलं होतं. रात्रभर भिजवलं, सालं चोळून काढली, अर्धवट शिजवून फडक्यावर कोरडं केलं. मग त्यानं तंबाखूच्या डबीतून तिकडचं वाळकं पान काढलं. पानावर काळपट बुरशी. ती दाण्यांवर चुरली, पळसाच्या पानांत पुड्या बांधल्या, सुईनं टोचल्या. ऊब तळहाताच्या मागच्या बाजूनं बघायची, निजलेल्या निरोगी पोराच्या कपाळाइतकी हवी. एक दिवसानं कंदील काढायचा, कारण पुढं बुरशी आपली आपण तापते.

छावणीत प्रत्येक आजाऱ्याला चार बोटं रुंदीचा तुकडा मिळे. यशयाच्या पोटात शेवटी एवढंच राहायचं, असं गहिनीनाथ म्हणाला. मुलाची कबर कुठं आहे हे सरकारलाही ठाऊक नाही. निदान त्याचा घास तरी चाखावा.

१२ डिसेंबर

जमलं! पुडी सोडली तर दाणे दिसेनात, नुसती पांढरीशुभ्र, कापसासारखी घट्ट वडी. वास पावसाळ्यातल्या अळंब्यांचा. तेलावर परतून मीठ लावून खाल्ली. डोळ्यांना पाणी आलं, पण चव गोड होती.

रंगुबाईनं नाकाला पदर लावला. "मास्तर, आमी बुरसलेली भाकर गुरांना घालतो, तुमी चवीनं खाताय व्हय!"

गहिनीनाथानं मात्र तुकडा तोंडाला लावला नाही.

१४ डिसेंबर

दुसरा घाणा. पाच वड्या आणि प्रत्येकीचा एक कोपरा मोकळा. बुरशीच नाही तिथं, दाणेही नाहीत. सुरीनं कापल्यासारखी कड. उंदीर म्हणावा तर पुड्या बांधलेल्या तशाच. चार बोटं लावून पाहिली, बरोबर बसली.

गहिनीनाथाला हाक मारून दाखवलं. तो उंबऱ्यावरच बसला.

१५ डिसेंबर

दुपारी त्यानं आपण होऊन सांगितलं. रडत सांगितलं.

यशयाचा तुकडा नऊ दिवस त्यानं खाल्ला. डॉक्टराला सांगायचा, यशयाला भरवला. यशया बाजेवरून हात पुढं करायचा आणि हा सांगायचा, आज तुझ्या वाटचं आलं न्हाई. दहाव्या दिवशी हात पुढं आला नाही. "तो तसाबी जगला नसता, मास्तर. मला लई भूक हुती."

मी उठून तिसरा घाणा भिजत घातला.

१६ डिसेंबर

प्रार्थना करायला बसलो. क्षमेचं वचन जिभेवर येईना. वर्गात मुलं पाठांतर विसरली की छड्या द्यायचो.

पेटीत कंदील ठेवलेला नाही. तरी पेटी गरम आहे.

१७ डिसेंबर

गहिनीनाथाला हिवताप भरला. रंगुबाई औषधाला पाथर्डीला गेली, तिथं लेकीकडं राहून परवा येईल. जाताना म्हणाली, मास्तर, तुमी हाईत म्हणून घोर न्हाई.

त्याच्या कपाळावर हाताची मागची बाजू ठेवली. ऊब थोडी जास्तच. पण चालेल.

शिजवलेले दाणे त्याच्या अंगाभोवती पसरले. डबीतलं उरलेलं पान छातीवर चुरलं. वरून गोणपाट, घोंगडी. हे काय करताय, असं त्यानं विचारलं. शेक देतोय, म्हणालो. त्यानं माझा हात धरून उपकार मानले.

मला वाईट वाटलं नाही. हे इथं लिहून ठेवतो, वाटलं नाही.

१८ डिसेंबर, सकाळ

गहिनीनाथ गळ्यापर्यंत पांढरा झाला आहे. हात उचलू म्हणतो, उचलत नाही. दाणे, घोंगडी, कातडी, सगळी एकच वडी.

तुकडा मागतो. मी सांगितलं, आज तुझ्या वाटचं आलं नाही.

दुपार

तो हसला. बुरशी हनुवटीला लागली असताना हसला.

म्हणाला, यशयानं मरताना माझं नाव घेतलंच न्हाई, मास्तर. तुमचं घेतलं. भरती झाला तवा सोळा वर्सांचा हुता. शाळेच्या रजिस्टरात तुमीच खाडाखोड करून अठरा केला. त्याला यायचं नव्हतं. तुमाला वीर पायजे हुता, कवितेतला. मी नऊ तुकडे चोरले, तुमी दोन वर्सं चोरली.

खरं आहे. निळी शाई होती. मी सुबक अक्षरात —

१९ डिसेंबर

गहिनीनाथ बोलत नाही. तोंडावरही पांढरं. आतून मात्र ऊब येते. चार बोटांचा एक कोपरा मोकळा पडला आहे, खांद्यापाशी. कड स्वच्छ.

कोणी खाल्लं ते मला —

मी दोन घाणे खाल्ले आहेत. पोटभर. चवीनं.

तोच दिवस

उजव्या हाताच्या नखांखाली कापूस. पुसला. परत आला. डाव्या हातानं लिहितो आहे.

रंगुबाई दाराशी — कडी वाजवते. उठता येत नाही. खुर्चीला पाठ चिकटली आहे. ओरडलो, आत येऊ नका बाई —

अळंब्यांचा वास. कपाळावर कोणाच्या तरी हाताची मागची बाजू. ऊब बघतो आहे.

तो रागावलेला नाही. मास्तरासारखा बोलतो. खाडाखोड चालणार नाही म्हणतो. खरी तारीख लिहा, मग सोडतो —

लिहितो बाळ. लिहितो. यशया, जन्म मार्च १९ —

बोटं वळत ना —