मुंगीचे दात

मंगळवार, ता. ४
पुन्हा चावली! शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीला – दंडावर सगळे दात उमटलेत. बालवाडीच्या बाईंनी मला दारातच बाजूला घेतलं. ही दुसरी वेळ, तिसऱ्यांदा झालं तर नाव काढावं लागेल म्हणाल्या. आमचं चार वर्षांचं रत्न माझं बोट धरून शांत उभं. जशी काही दुसऱ्याच कुणाची पोर!
ह्यांना सांगितलं, तर हसले. "मुंगी नाव मी उगाच ठेवलंय का?" मला हसू येईना.

बुधवार, ता. ५
बालवाडीच्या बाईंचं म्हणणं, तिला राग सांगता येत नाही, म्हणून दात पुढे होतात. तेव्हा जवळ बसायचं, विचारायचं – राग आलाय का, रडू येतंय का. रडू द्यायचं. मी ऐकून घेतलं. रागाची कसली विचारपूस – पाहुणा आहे का तो! आमच्या आईनं डोळे वटारले की आम्ही सहा भावंडं भिंतीला चिकटायचो. गिळायला शिकलो. काही बिघडलं नाही.
भाजी दोनदा चिरायला घेतली, दोनदा बाजूला ठेवली. नाव काढलं तर तिला दुसरीकडे कोण घेणार?

गुरुवार, ता. ६
सकाळी तिला देवापुढे उभं केलं. म्हटलं, कुणाला चावलीस की देवाला दिसतं. तो रागावतो, मग आपल्याकडे बघत नाही. रडायला लागली. देवापुढे रडायचं नाही, असं बजावलं. तिनं ओठ आवळून घेतले.

शुक्रवार, ता. ७
नाही चावली.

मंगळवार, ता. ११
पाच दिवस झाले! कुणीतरी झोक्यावरून ढकललं तरी गप्प राहिली म्हणे. बाईंनी विचारलं, काय केलंत? मी नुसती हसले. शिवणकामवाल्या बाई मात्र म्हणाल्याच, "औषध जालीम दिसतंय हो."
तरी चैन नाही. पूर्वी पाय आपटायची, दार ढकलायची – तेही नाही. किती वेळा उठून बघून आले, कुठे आहे ते.

बुधवार, ता. १२
बाहुलीचा हात निखळला. ती दाराआड गेली. मी मागोमाग. डोळे गच्च मिटलेले, स्वतःचंच मनगट दातांत. आवाज नाही. मला पाहून मनगट सोडलं.
"मी कुणाला नाही चावले, आई. देवाला सांग."
जवळ घेतलं. म्हटलं रड, मोठ्यानं रड.
तिला येईना.