शेजारची सीट

मंगळ., २१ जाने. ९२, धुळे

काल भरलेल्या डायरीच्या रविवारच्या पानावर चूक आहे. 'शेपटीच्या केबल मी बसवल्या, नानांनी तपासल्या' असं लिहिलंय. नाना, आमचे थोरले मेकॅनिक, रविवारी सोनगीरला लग्नात होते. सोमवारी आले तोवर मी केबलवरचं झाकण लावून टाकलं होतं. त्यांनी ते न उघडताच तपासणीची दुसरी सही केली. खोडत नाही. लहानपणी सकाळी शाळेआधी वडिलांनी, आबांनी, मला शिरपूरला पंपदुरुस्तीच्या दुकानात काम शिकवलं. चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं, ही त्यांची शिस्त.

खरं लिहायचं होतं ते वेगळंच. मी उडणार! फ्लाइंग क्लबच्या विमानाची दुरुस्ती संपली, शुक्रवारी चाचणीचं उड्डाण. आमच्या हँगरची रीत अशी की काम करून पहिली सही ज्याची, तो कॅप्टनच्या शेजारी बसतो. लायसन्स मिळाल्यावरची माझी पहिलीच सही. तीन वर्षं विमान उघडतेय, जमीन एकदाही सोडलेली नाही.

बुध., २२

जेवण जात नाही. कॅप्टनना माझं वजन हवं होतं, किराणावाल्याच्या काट्यावर करून आले. आकडा ऐकून नाना म्हणाले, खिसामा दोन पाना टाक, नहीतं उडी जाशी.

सव्वीसला परेडवर वरून फुलं टाकायचीत, झेंडू सांगून झाला. चाचणी पुढे गेलेली कुणालाच नको. (मला तर नकोच.)

दुपारी हळूच म्हटलं, झाकण एकदा उघडू या का? नाना हसले.

"तू देखं म्हणजे मी देखं, बेटा."

मी पाहिलं म्हणजे त्यांनीच पाहिलं, इतकं बरं वाटलं! सायकलवर घरी येईपर्यंत ते टिकलं नाही. विमान वर-खाली वळवणाऱ्या त्या केबल मीच बसवल्या, मीच पाहिल्या. माझं चुकलं असेल तर मला ते दिसणारच नाही. म्हणून तर दुसरी सही.

गुरु., २३

कॅप्टननी शेजारचा पट्टा माझ्या मापाचा करून दिला. वर गेल्यावर तापी दाखवतो म्हणाले. मग सहज, "दोघांच्या सह्या आहेत, मला काय काळजी."

मी हसले. हसायला नको होतं.

नाना मार्चमध्ये निवृत्त होतील. इतक्या वर्षांत त्यांच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नाही, आणि ठेवणार कोण, तर मी, त्यांनीच विमानावर पाना धरायला शिकवलेली. पण तापी बघायचीय. खूपच बघायचीय.

कॅप्टन साडेआठला येतात. उद्या, शुक्र., २४ जाने., सकाळी सातला झाकणाचे स्क्रू काढून विजेरी नानांच्या हातात देणार. त्यांनी घेतली नाही तर कॅप्टनना सांगणार, मी बसत नाही, तुम्हीही बसू नका.